पाण्याकडे पाठ

पालिकेच्या जलतरण तलावावर बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक लांबट टेबल होतं, आणि त्या टेबलामागे अकरा वर्षं एकच बाई बसत होती. येणारीचं तिकीट फाडायचं, कप्प्याची किल्ली द्यायची, जाताना ती परत घ्यायची, एवढंच तिचं काम. चौसष्ट कप्पे, चौसष्ट किल्ल्या, प्रत्येकीला मनगटात अडकवायचा रबरी पट्टा. सगळ्या जणी तिला किल्लीताई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर असेलच, पण तलावावर ते कुणाच्या तोंडून निघाल्याचं कुणाला आठवत नाही.

कामात मात्र एकदम पक्की. ओल्या चपलांच्या आवाजावरून तिला कळायचं की ही सतरा नंबरची, ही बेचाळीसची. मान वर न करता सांगायची, "एकोणतीस, तुमचा टॉवेल बाकावरच राहिलाय." कुणाचं बाळंतपण जवळ आलं, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचं नवऱ्याशी वाजलंय, हे तिला पोहायला येणाऱ्यांच्या चालीवरून समजायचं. एकच गोष्ट चमत्कारिक होती. तलावावर अकरा वर्षं काढलेल्या या बाईने तलाव धड पाहिला नव्हता. ती पाण्याकडे पाठ करून बसायची.

टेबल आधी तसं नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी पहारेकऱ्याला हाताशी धरून ते फिरवून घेतलं, तोंड भिंतीकडे. तलावाच्या साहेबांनी विचारलं तर म्हणाली, "खिडक्यांचा उजेड पाण्यावरून उसळतो, डोळ्यांवर येतो." साहेब डोळे बारीक करून पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हो खरंच." विषय संपला.

खरं कारण घरचं होतं.

किल्लीताईच्या आईला एक भाऊ होता. बारा वर्षांचा असताना बुडून गेला, किल्लीताईच्या जन्माच्या कितीतरी आधी. घरात त्याचा फोटो नव्हता, त्याची वस्तू नव्हती, त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे. त्याच्यामागे घरात एक वाक्य तेवढं राहिलं होतं, "पाणी आपल्या माणसांना ओळखतं. ओळखतं आणि ओढतं." दुसऱ्या घरांत जसं 'दाराला कडी लाव' म्हणतात, तितक्या सहज आई हे म्हणायची. त्यावर कुणी वाद घालत नसे, कारण कडी लावण्यावर कुणी वाद घालतं का?

आणि एकदा ते मानलं की पुढचं सगळं आपोआप ठरत गेलं. अंघोळीची बादली अर्धीच भरायची. घर बघायला निघाले तेव्हा नदीजवळचं ऐसपैस घर सोडून चढावरचं, एकशे अठरा पायऱ्यांचं घर घेतलं. किल्लीताईला एक चांगला मुलगा सांगून आला होता, शिकलेला, हसरा. पण त्याच्या घरी जायला होडीतून जावं लागे. आईने चहाचा कपही खाली न ठेवता नकार दिला. किल्लीताईला तो मुलगा आवडला होता. पण तिलाही नकार बरोबरच वाटला, ही त्यातली गंमत.

पुढे जो पसंत पडला तो नळदुरुस्ती करणारा निघाला. आईने विचारलं, "म्हणजे पाण्याचंच काम?"

"पाइपातलं पाणी हो, आई," तो गडबडून म्हणाला. "त्याला मी म्हणेन तिकडेच जावं लागतं."

या उत्तरावर आई खूश झाली आणि लग्न झालं. माणूस सोन्यासारखा निघाला. वडील गेल्यावर आई लेकी-जावयाच्या घरी राहायला आली, तेव्हा स्वतःची खिडकीजवळची जागा त्यानेच आपणहून तिला दिली.

मग मुलगी झाली. तिला न्हाऊ घालायच्या टबात चार बोटं पाणी असायचं. पोरीला न्हाऊ घातलं की नुसतं पुसून काढलं, हे बघणाऱ्याला कळू नये. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर किल्लीताईने पालिकेत शिपायाच्या जागेसाठी अर्ज केला, आणि नेमणुकीचा कागद आला तो नेमका जलतरण तलावाचा. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने लेकीला विचारलं, "बसताना तोंड कुठे असेल तुझं?"

"भिंतीकडे," किल्लीताईने सांगून टाकलं.

"मग जा."

अशी ती अकरा वर्षं भिंतीकडे तोंड करून बसली, आणि बसलीच असती. पण एके दिवशी हेडबाई आल्या.

हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वय सहासष्ट. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं होतं, आणि आयुष्यात कधी पाण्यात पाय घातला नसला तरी डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे ते आता आपल्याला येणारच, अशा थाटात त्या आल्या. कोपरापासून गुडघ्यापर्यंतचा काळा पोशाख, डोक्याला पिवळी टोपी. पाण्याशी वर्गात बोलावं तसं बोलायच्या, "जरा थांब. मला श्वास घेऊ दे." तीन आठवड्यांत तरंगायला लागल्या.

एकदा केस पुसता पुसता त्यांनी विचारलं, "तू कधी उतरत नाहीस?"

"नाही बाई. आमच्या घराला पाणी चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? अंगावर पुरळ येतं?"

"तसं नाही. पाणी ओढतं आमच्या माणसांना."

"आतापर्यंत किती जणांना ओढलं?"

किल्लीताईने मनात मोजलं. मोजायला फार वेळ लागला नाही. "एकाला."

"किती वर्षांत?"

"साठेक झाली असतील."

हेडबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "आमच्या शाळेच्या जिन्यावरून दर वर्षी याहून जास्त मुलं गडगडायची. आम्ही जिना बंद नाही केला. त्याला पोहता येत होतं का, तुझ्या त्या माणसाला?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

 किल्लीताईला राग आला. पुढचा आठवडाभर हेडबाईंच्या वाट्याला रोज बावन्न नंबरची किल्ली येत गेली. बावन्नचं कुलूप अडकायचं. हेडबाई रोज त्या कुलपाशी झटायच्या, रोज जिंकायच्या, आणि जाताना "आभारी आहे" म्हणून किल्ली टेबलावर ठेवायच्या. शेवटी किल्लीताईलाच लाज वाटली आणि तिने बावन्न सोडून दिला. पण 'विचारलं नाहीस?' हा प्रश्न काही तिला सोडेना.

त्याच सुमाराला लेकीच्या शाळेचं तीन दिवसांचं शिबिर ठरलं, एका तळ्याकाठी. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. तिने सहीचा कागद आणून आईसमोर ठेवला आणि दुसरीकडे बघत उभी राहिली.

"तळ्याकाठी?" किल्लीताई म्हणाली.

"काठावर आई. आत नाही."

"तुला माहिती आहे ना आपल्याकडचं."

"माहिती आहे." मुलीने सहीचा कागद सरळ केला. मग म्हणाली, "आई, शाळेत दर शुक्रवारी पोहण्याचा तास असतो. तीन वर्षं मी सांगतेय की माझा कान फुटतो. सगळ्या जणी पाण्यात असतात आणि मी बाकावर त्यांचे टॉवेल सांभाळते."

"पण भीती वाटते म्हणूनच ना?"

"मला नाही वाटत भीती. तू आणि आजी घाबरता, म्हणून मला घाबरल्यासारखं वागावं लागतं."

किल्लीताईला वाटलं, पोरगी टॉवेल सांभाळतेय, आणि आपण किल्ल्या. पोरीचा कान फुटतो आणि आपल्या डोळ्यांवर उजेड येतो. तरीही तिने सही केली नाही. हात पेनापर्यंत गेला होता, पण आतल्या खोलीतून आईच्या खोकण्याचा आवाज आला आणि तो मागे आला.

शिबिराला बस गेली. मुलगी रडली नाही, फुगून बसली नाही. ते तीन दिवस तिने आपलं कपाट आवरलं. पहिल्या दिवशी वरचा कप्पा, दुसऱ्या दिवशी मधला, तिसऱ्या दिवशी खालचा. शेवटी आवरायला काही उरलं नाही, तेव्हा सगळे कपडे काढून पुन्हा घड्या घालत बसली. किल्लीताई दारातून बघत होती. भांडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती सव्वा सहाला तलावावर पोचली. बायकांची वेळ सातची. पोहायला शिकवणारे सर, गळ्यात कायम शिट्टी असलेले, पाण्यात औषध टाकत होते. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"सर, सातच्या आत मला शिकवाल? कुणाला सांगायचं नाही."

सरांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. अकरा वर्षांत ही बाई तलावाच्या इतक्या जवळ आल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "उद्यापासून या," ते म्हणाले. "पहिले चार दिवस फक्त पाय."

खरोखरच पहिले चार दिवस फक्त पाय. पायरीवर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे. पहिल्या दिवशी तिने दोन्ही हातांनी कठडा इतका घट्ट पकडला होता की सरांना एकेक बोट सोडवावं लागलं. हेडबाई लवकरच यायच्या. त्यांना हे दिसलंच. काही न बोलता त्या शेजारी येऊन बसल्या आणि आपलेही पाय पाण्यात सोडून वर्तमानपत्र वाचू लागल्या. त्या वाचनाने किल्लीताईला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याच बोलण्याने आला नसता.

पोशाखाचं एक वेगळंच प्रकरण झालं. चाळिशी ओलांडलेल्या अंगावर तो काळा कपडा चढवून ती आरशासमोर उभी राहिली आणि तिला रडू फुटायचं ते हसूच फुटलं. मग वरून टॉवेल गुंडाळून ती थेट पायऱ्यांपर्यंत गेली, आणि टॉवेलसकट पाण्यात उतरली. सर म्हणाले, "ताई, टॉवेलला पोहता येतं. त्याला वर ठेवा."

घोडं अडलं ते तोंड पाण्यात घालण्यापाशी. पाणी हनुवटीला लागलं की ती मान मागे खेचायची. हा अभ्यास घरी करावा, असं नवऱ्याने सुचवलं. त्याला तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्याच्यापासून काही लपवणं तिला जमत नसे. मग रोज संध्याकाळी बाथरूममध्ये बादली काठोकाठ भरली जायची. त्या घरात बादली काठोकाठ भरली जाण्याची ती पहिलीच खेप. किल्लीताई त्यात तोंड घालायची आणि नवरा उकिडवा बसून घड्याळ बघायचा.

"अकरा सेकंद. काल नऊ होते. प्रगती आहे."

"अहो, हळू बोला, आई बाहेर आहे."

बाहेरून आईचा आवाज आलाच. "दोघं मिळून काय चाललंय आत?"

"नळ गळतोय, आई!"

"तो परवाही गळत होता! कसले हो तुम्ही नळवाले!"

बिचाऱ्याने महिनाभर आपल्या धंद्याची अब्रू बायकोसाठी पणाला लावली.

लोक आठ-दहा दिवसांत शिकतात. किल्लीताईला चार महिने लागले. दोनदा तिने सोडून दिलं. एकदा नाकातोंडात पाणी गेलं आणि ती खोकत, थरथरत बाहेर आली. 'मी म्हणतच होते,' असं तिच्या डोक्यात आईच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं. आठवडाभर ती टेबलामागून उठली नाही. सर बोलवायला आले नाहीत. हेडबाई मात्र रोज किल्ली घेताना म्हणायच्या, "आज पाणी छान आहे." बस्स, तेवढंच. आठव्या दिवशी ती परत उतरली.

आणि मग एका सकाळी ती तरंगली. पाठीवर, हात पसरून, कान पाण्यात. आवाज सगळे गेले. वरच्या पत्र्याचे खिळे दिसत होते आणि स्वतःचा श्वास ऐकू येत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, लांबून. ती वाट बघत राहिली. आता ओढेल, आता ओढेल. पाण्याने काही केलं नाही. पाण्याने तिला ओळखलंच नाही. ती कोण, कुणाची मुलगी, कुणाची भाची, त्याला काही ठाऊक नव्हतं. हेडबाईंना उचलून धरायचं, कडेच्या लाल फळीला उचलून धरायचं, तसंच ते तिलाही उचलून धरत होतं.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसून खूप रडली. सरांना वाटलं आनंद झालाय. आनंद होताच. पण जास्त काय होतं तर ते वाया गेलेले शुक्रवार, आवरून आवरून रिकामं झालेलं ते कपाट, आणि नदीजवळचं ते ऐसपैस घर. त्याच दिवशी तिने पहारेकऱ्याला बोलावलं आणि टेबल फिरवून घेतलं. साहेबांनी विचारलं, "उजेडाचं काय?" ती म्हणाली, "सवय होईल."

आता घरी सांगायचं कसं, हा प्रश्न होता. तो आईनेच सोडवला. तलावाच्या औषधाचा वास तर किल्लीताईच्या कपड्यांना अकरा वर्षं येतच होता, त्यामुळे तिकडून धोका नव्हता. पण एका रविवारी, खास वेळ घेऊन तलावावर जाऊन आल्यावर ती आईला औषधाची गोळी द्यायला गेली. आईने गोळी घेतली, आणि तिचा हात धरून ठेवला. बोटं उलटी करून पाहिली. टोकं पांढरी, सुरकुतलेली.

"किल्ल्या वाटून बोटं अशी होत नाहीत," आई म्हणाली.

किल्लीताई खाली बसली. खोटं बोलायचं तिच्या मनात आलं, पण जमलं नाही. "मी शिकले, आई. पोहायला. चार महिने झाले."

तिला वाटलं आता आकाश कोसळणार. आई खिडकीबाहेर बघत होती. हात तिने सोडला नव्हता.

"आई, मामाला पोहता येत होतं का?"

"नाही." मग म्हणाली, "आमच्यात कुणालाच येत नव्हतं. शिकवायला कोण होतं?"

"मग तो पाण्यात कशाला गेला?"

आईने जे सांगितलं ते तिने कुणालाही कधी सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. दगडाच्या खाणीत पाणी साठलं होतं, तिथे दोघं भावंडं खेळत होती. ती नऊ वर्षांची, तो बारा. तिच्या पायातली चप्पल पाण्यात पडली आणि तरंगत आत गेली. चप्पल नवी होती.

"तो नको म्हणत होता," आई म्हणाली. "मीच म्हटलं, दादा, जा ना. आई मारेल मला. जा ना रे. दोन-तीनदा म्हटलं मी. मग गेला."

आत एकदम खोल होतं. ती धावत घरी आली. मोठी माणसं विचारू लागली, काय झालं, कसं झालं, तो आत गेलाच कशाला? आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "पाण्याने ओढलं त्याला." सगळ्यांनी ते मानलं. तिच्या आईने ते रडताना म्हटलं, शेजारणींनी म्हटलं, घर ते म्हणू लागलं. पुढे पुढे ज्या मुलीने ते म्हटलं होतं, तिलाही ते खरं वाटू लागलं. ते खरं असलं तरच तिला झोप लागण्यासारखी होती.

नऊ वर्षांच्या पोरीने घाबरून बोललेलं एक वाक्य. त्यावर घर निवडलं गेलं, नवरा निवडला गेला, एक टेबल भिंतीकडे फिरलं आणि एका मुलीचा कान तीन वर्षं फुटत राहिला. किल्लीताईला हे सगळं एकदम दिसलं आणि ती आईवर रागावणार होती. पण समोर बहात्तर वर्षांची म्हातारी नव्हतीच. एका पायात चप्पल असलेली मुलगी बसली होती.

"तू नऊ वर्षांची होतीस गं," ती म्हणाली.

आई म्हणाली, "हो ना. एवढीशी होते." आणि मग दोघी रडल्या. नळवाला दारात आला, आत पाहिलं, आणि पाऊल न वाजवता परत गेला.

त्यानंतर आईमध्ये एक फरक पडला, जो कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. ती भावाबद्दल बोलायला लागली. इतकी वर्षं तो नुसता 'बुडालेला' होता. आता तो साखर चोरायचा, गणितात पहिला यायचा, बहिणीच्या वेण्या खुर्चीला बांधून ठेवायचा. नात खो खो हसायची आणि म्हणायची, "आजी, अजून सांग." त्या घरात तो मुलगा साठहून जास्त वर्षांनी पुन्हा राहायला आला म्हणायला हरकत नाही.

नातीचं सांगायचं तर, पुढच्या शुक्रवारी तिचा कान बरा झाला. आठ दिवसांत ती माशासारखी पोहू लागली. किल्लीताईने मोठ्या आशेने विचारलं, "कसं वाटतं?" मुलगी म्हणाली, "ठीक आहे." पोहण्यात तिला पुढे काही गोडी वाटली नाही, तिला सायकल आवडायची. किल्लीताईला आधी वाईट वाटलं, मग हसू आलं. आवड नसणं वेगळं आणि मुभा नसणं वेगळं. पुढच्या वर्षीच्या शिबिराच्या कागदावर तिने सही केली, आणि तीन दिवस तिला झोप आली नाही हेही खरं. शिकली म्हणून भीती सगळी जाते असं नाही.

दोन वर्षांनी पालिकेला बायकांसाठी एक मदतनीस शिक्षिका हवी होती. सर म्हणाले, "ताई, परीक्षा द्या." तलावाच्या दोन फेऱ्या न थांबता, आणि खोल टोकाला तळाशी ठेवलेलं वजन बुडी मारून वर आणायचं. पहिल्या खेपेला ती वजनापर्यंत पोचलीच नाही. दुसऱ्या खेपेला पोचली, पण वजन हातातून निसटलं. तिसऱ्या खेपेला ती वर आली तेव्हा वजन तिने पोटाशी असं कवटाळलं होतं की परीक्षकांना ते मागून घ्यावं लागलं. काठावर हेडबाई उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, घड्याळ बघून म्हणाल्या, "वेळेत आहे."

आता चाळिशीपुढच्या बायकांची एक तुकडी सकाळी सव्वाअकराला असते. कागदावर तिला काहीतरी लांबलचक नाव आहे. बायका तिला 'भित्र्यांची बॅच' म्हणतात. किल्लीताई तिथे शिकवते. ती कधीही 'घाबरू नका' म्हणत नाही. नवी बाई आली की तिला पायरीवर बसवते, शेजारी स्वतः बसते, दोघींचे पाय पाण्यात, आणि विचारते, "तुम्हाला जमणार नाही, असं कोणी सांगितलं?"

प्रत्येकीकडे कुणीतरी असतंच. एकीची सासू. एकीचा शेतातल्या विहिरीत ढकलणारा चुलतभाऊ. एकीला कुणीच सांगितलेलं नव्हतं, तिने स्वतःच ठरवलं होतं, आणि ते आठवायला तिला दोन दिवस लागले. किल्लीताई मधे तोंड घालत नाही. सगळं ऐकून घेते. मग म्हणते, "बरं. आता हात द्या."

सगळ्या जणी तरत नाहीत. काही दोन दिवस येतात आणि दिसेनाशा होतात. किल्लीताई त्यांच्या मागे लागत नाही. रस्त्यात भेटल्या तर तब्येत विचारते, पाण्याचं विचारत नाही.

आई आता पंच्याऐंशीची आहे. तलाव बघायला ती कधी आली नाही आणि येणार नाही, हे तिने स्वच्छ सांगितलंय. पण संध्याकाळी लेक घरी आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज किती जणी तरल्या?"

परवा किल्लीताई म्हणाली, "एक." आणि तिने त्या बाईची हकिकत सांगितली. ट्रक चालवणारी बाई, डोंगरातल्या वळणांवर रात्रंदिवस गाडी हाकणारी. पण लहानपणी थोरल्या बहिणीने सांगितलेलं, तू जड आहेस, दगडासारखी तळाला जाशील. पाच आठवडे ती कठड्याला चिकटून होती. आणि आज पाठीवर पडली ती अशी तरंगली की बुडवायचं म्हटलं तरी बुडेना. तिथूनच ओरडून बहिणीला शिव्या देत होती. सगळा तलाव हसत होता.

आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "उद्या येईल ना ती परत?"

"येईल की."

"मग पालथं पोहायला कधी शिकवणार तिला?"

"पाठीवरून पालथं व्हायला वेळ लागतो, आई. पुढच्या आठवड्यात बघू."

"घाई करू नको म्हणावं," आई म्हणाली, आणि मटार सोलायला घेतले.